पुस्तक नेमकं कोणाचं?

रब्बी म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू आणि धर्मशास्त्राचे पंडित. एखाद्या नामवंत रब्बींच्या वापरातला ग्रंथ विक्रीला आला, की त्याच आवृत्तीच्या इतर प्रतींपेक्षा त्याला कितीतरी जास्त किंमत येते. कशामुळे? पहिल्या पानावरची सही आणि समासातल्या टिपा यांमुळे. आता गंमत बघा. पूर्वी पुष्कळ ज्यू वाचक पुस्तकावर नाव घालण्याआधी, सारं काही ईश्वराचंच आहे, अशा अर्थाचं स्तोत्रवचन आद्याक्षरांत लिहीत. म्हणजे मालकी सांगायची आणि त्याच ओळीत ती सोडायचीही! ही ओढाताण आपण दोन संग्रहांत पाहू.

पहिला संग्रह डेव्हिड ओपेनहाइम (१६६४–१७३६) यांचा. ते प्रागचे मुख्य रब्बी होते. पण प्रागमध्ये हिब्रू ग्रंथांवर सेन्सॉरची करडी नजर, म्हणून त्यांनी आपले ग्रंथ हॅनोव्हरला, सासऱ्यांकडे ठेवले. जन्मभर जमवलेली पुस्तकं एका गावी आणि मालक दुसऱ्या गावी. त्यांच्यामागे हा संग्रह वारसांकडे गेला, गहाण पडला, हॅम्बुर्गमध्ये वर्षानुवर्षं पेट्यांत बंद राहिला. शेवटी १८२९ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने तो ९,००० थालरना घेतला. त्यात सुमारे ७८० हस्तलिखितं आणि चार हजारांहून अधिक छापील पुस्तकं होती. संग्रह वाचला, अभ्यासकांना खुला झाला. पण ज्या समाजात तो घडला, त्याच्या हातून गेला.

दुसरी कथा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली. लुबाविच पंथाचे सहावे गुरू योसेफ यित्झाक श्नीअरसन १९५० साली वारले. १९८५ मध्ये त्यांच्या नातवाने ग्रंथालयातली शेकडो पुस्तकं नेली, काही विकलीही. त्याचं म्हणणं, आजोबांची मालमत्ता, मी वारस. अनुयायी म्हणाले, गुरूंकडे ती आमच्यासाठी होती. प्रकरण कोर्टात गेलं. तिथे स्वतः गुरूंचं १९४६ सालचं पत्र पुढे आलं. युद्धामुळे पोलंडमध्ये अडकलेले ग्रंथ परत मिळावेत म्हणून लिहिलेल्या त्या पत्रात त्यांनी हा संग्रह पंथाचा असल्याचं म्हटलं होतं. गुरूंच्या कन्येनेही साक्षीत सांगितलं, की वडीलच अनुयायांचे होते, तेव्हा पुस्तकंही त्यांचीच. जानेवारी १९८७ मध्ये निकाल पंथाच्या बाजूने लागला.

आता कुणी विचारेल, मग खाजगी संग्राहक चोरच का? तसं नाही. ओपेनहाइमांनी जमवलं नसतं, तर ऑक्सफर्डला घ्यायला काय उरलं असतं? पैसे मोजून, वाळवीपासून जपून ठेवणारा माणूस लागतोच. पण एक गोष्ट आपण ध्यानात ठेवू. त्या सहीला मोल आलं, ते ज्या लोकांनी त्या माणसाला गुरू मानलं त्यांच्यामुळे. खरेदीदार कागद विकत घेतो. हे मोल त्याने निर्माण केलेलं नसतं. म्हणून असा ग्रंथ कपाटात ठेवणाऱ्याने निदान अभ्यासकाला दार उघडावं, एवढी अपेक्षा धरायला हरकत नसावी.