घाटात अडखळणारी फियाट

सोलापूरहून तुळजापूरला येताना शेवटी घाट लागतो. मागच्या उन्हाळ्यात या घाटात आमची जुनी फियाट रुसली. सपाटीला अगदी गुणी वागणारी गाडी चढ लागला की गचके खायची. अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर गप्प व्हायची, मग एकदम उसळी घ्यायची, पुन्हा गप्प. मागून एसटीचा हॉर्न, शेजारी धास्तावलेली बायको आणि पुढं वळण. घरी आल्यावर मुलानं सुनावलं, “बाबा, आता ही भंगारात द्या.” मी मनात म्हटलं, देण्याआधी निदान तिला काय झालंय ते तरी समजून घेऊ.

आमच्याकडे सगळे तिला फियाट म्हणत असले, तरी कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. तिचं मूळ शोधत गेलं तर वाट सोलापूरलाच पोचते. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तेव्हा सोलापूर इंग्रजांकडे आणि तुळजापूर निजामाकडे होतं. आज आपण तासाभरात पार करतो त्या या रस्त्यावर दोन राज्यांची हद्द लागायची. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरहून निघून नळदुर्गला पोचल्या, बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला आणि चार-पाच दिवसांत ती हद्द इतिहासजमा झाली. पुढं कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानं गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ साली ११००-डी हे मॉडेल आलं. १९७०च्या दशकात त्याचंच नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, असा तो काळ होता. आमच्या वडिलांनी म्हणूनच सेकंडहँड घेतली.

गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. “सर, थंड असताना गचके देते की तापल्यावर? सपाटीला देते का? चोक ओढला की सुधारते का?” डॉक्टर नाडी बघतो तसंच हे. मी सांगितलं, फक्त चढावर, आणि चोक थोडा ओढला की जरा बरी चालते. ते म्हणाले, “मग बहुतेक तेलाचं दुखणं आहे. पण आधी करंट बघू. करंट सोडून तेलाकडे गेलं की माणूस फसतो.”

करंटची ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्यानं १९१०च्या सुमारास मोटारीत आणली. बॅटरीचा करंट कॉइलमध्ये जातो. डिस्ट्रीब्युटरमधले पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टची ठिणगी प्लगपर्यंत पोचते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरसाठी सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे ते इवलेसे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांच्यावर खड्डे पडले, कंडेन्सर कमजोर झाला किंवा कॉइल तापून थकली, की गाडी मिसिंग करते. मिस्त्रींनी पॉइंट घासले, फटीत पत्ती घालून अंतर लावलं, प्लग काढून पाहिले. प्लगची टोकं पांढरट पडली होती. “बघा,” ते म्हणाले, “काळी असती तर तेल जास्त. पांढरी म्हणजे तेल कमी, हवा जास्त. ही उपाशी आहे.”

आता पाळी तेलाची. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा फवारा-पद्धतीचा कार्ब्युरेटर विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्यानं १८९३ साली तयार केला. त्याची तत्त्वं आमच्या गाडीत जशीच्या तशी आहेत. एक छोटी वाटी, तिच्यात पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट आणि केसाएवढ्या भोकाचा जेट. सपाटीवर इंजिनला थोडं पेट्रोल पुरतं. घाटात मागणी वाढते, पण पंप वाटी वेळेवर भरू शकला नाही, की पातळी खाली जाते आणि इंजिन दम खातं. चोक ओढला की हवा कमी होते, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मिस्त्रींनी कार्ब्युरेटरकडे येणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. जोरदार पिचकाऱ्या यायला हव्या होत्या, पण आली ती पातळ धार. पंप उघडला तर आतला रबरी पडदा फुगून सैल झालेला. नळीही आतून फुगलेली, आणि तिचे काळे कण जेटमध्ये अडकलेले.

“रबर जुनं आहेच,” मिस्त्री म्हणाले, “पण आताच्या पेट्रोलला ते टिकत नाही.”

इथं मला गंमत वाटली आणि थोडं चुकचुकल्यासारखंही झालं. पेट्रोलमध्ये उसापासूनचं इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ साली झाले, ते आपल्याच मिरज आणि मनमाडला. २०२२मध्ये देशभर १० टक्क्यांचं प्रमाण गाठलं गेलं. २०२३पासून २० टक्क्यांचं पेट्रोल येऊ लागलं आणि २०२५पर्यंत बहुतेक पंपांवर तेच मिळू लागलं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं. ते हवेतली ओल शोषतं, टाकीत साचलेला जुना थर सोडवतं आणि त्या काळच्या रबराला फुगवतं. आपला जिल्हा उसाचा. ढोकीच्या तेरणा कारखान्याचं नाव इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. उसाला इथेनॉलचा आधार मिळाला तर शेतकऱ्याचं भलंच होईल, म्हणून मी तक्रार करत नाही. पण वालचंदनगरला साखर कारखाना उभारणारे आणि कुर्ल्याला मोटारी बनवणारे वालचंद एकच. त्यांच्या एका उद्योगातली साखर दुसऱ्या उद्योगातल्या मोटारीच्या घशात अडकली, असंच म्हणायचं!

मिस्त्रींनी नवा पडदा घातला, इथेनॉलला टिकणारी नळी लावली, जेट फुंकून साफ केला, टाकी धुतली. मग मिश्रण थोडं दाट होईल असा एक नंबर मोठा जेट बसवला. पुढच्या रविवारी आम्ही तोच घाट चढलो. गाडीनं एकदाही श्वास रोखला नाही.

पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, २०२३च्या ऑक्टोबरअखेर, काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग मिळत होते. आता तेही दुर्मीळ होत चाललेत. पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नव्या गाडीला संगणक जोडला की दोष पडद्यावर दिसतो. आमच्या मिस्त्रींचा पडदा त्यांच्या कानात आणि बोटांत आहे. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही आणि त्यांनी कधी काही लिहून ठेवलेलं नाही. किल्ल्यांचा, राजांचा इतिहास आपण जपतो, ते बरोबरच आहे. पण ज्या हातांनी या रस्त्यांवरच्या गाड्या पन्नास वर्षं चालत्या ठेवल्या, त्यांचाही इतिहास आहेच की.

मी एक वही घेतली आहे. दर शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन बसतो आणि ते बोलतात तसं उतरवून घेतो. पहिल्या पानावर त्यांचंच वाक्य आहे : आधी विचारा, मग ऐका, आणि पाना शेवटी हातात घ्या. गाडी भंगारात द्यायचा विषय मुलानंही पुन्हा काढलेला नाही. परवा तोच म्हणाला, “बाबा, शनिवारी मीही येतो.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)