मेणातील वाणी आणि तिचे वारस

मौखिक परंपरेच्या रक्षणाचा विचार आजवर बहुतांशी संग्राहकाच्या बाजूने झाला आहे. जे लोप पावत आहे ते गोळा करावे, जपून ठेवावे आणि अभ्यासकांस उपलब्ध करून द्यावे, इतक्यावर हे कर्तव्य संपते अशी समजूत होती. ध्वनिमुद्रणाचे यंत्र हाती आल्यावर या समजुतीस मोठेच बळ मिळाले. संगणकाच्या युगात मात्र एक जुना प्रश्न नव्या निकडीने पुढे आला आहे. जपलेली वाणी कोणाची, आणि ती कोणी, केव्हा व कशासाठी ऐकावी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेतील पासामाक्वॉडी या आदिवासी समाजाच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकतो.

जेसी वॉल्टर फ्यूक्स हे मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. नैर्ऋत्य प्रदेशातील झूनी लोकांकडे जाण्यापूर्वी एडिसनच्या फोनोग्राफची परीक्षा पाहावी, या हेतूने ते 1890 च्या मार्च महिन्यात मेन राज्यातील कॅलिस या गावी गेले. तेथे नोएल जोसेफ्स आणि पीटर सेल्मोर या पासामाक्वॉडी गृहस्थांची गीते व कथने त्यांनी मेणाच्या नळ्यांवर उतरवून घेतली. लोकांच्या वस्तीजवळ जाऊन केलेले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. एका नळीवर दोन-तीन मिनिटांचाच आवाज मावे, आणि नळी वाजविली की सुईखाली मेण झिजे. जे जपायचे ते ऐकण्यानेच पुसले जावे, असा तो विचित्र योग होता. त्याच काळात अमेरिकेतील निवासी शाळांतून आदिवासी मुलांना स्वभाषा बोलण्याची बंदी होती; कार्लाइल येथील अशी प्रसिद्ध शाळा 1879 मध्येच निघाली होती. भाषा मुलांच्या तोंडून काढून घ्यावी आणि तिचा नमुना कपाटात ठेवावा, ही दोन्ही कामे एकाच राष्ट्रात, एकाच पिढीत चालली होती.

या नळ्या प्रथम हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात राहिल्या आणि 1970 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आल्या. आज त्यांपैकी 31 उपलब्ध आहेत. मेणावरील आदिवासी ध्वनिमुद्रणांच्या प्रती करण्याची सरकारी योजना 1979 मध्ये सुरू झाली, आणि पुढील दशकात पासामाक्वॉडी समाजाच्या हाती कॅसेटी आल्या. परंतु मेणाच्या खरखरीत शब्द बुडून गेले होते. आवाज परत आला होता, अर्थ आला नव्हता. पुढे डिजिटल तंत्राने नवी मुद्रणे झाली, खरखर कमी करता आली आणि एकच ओळ मूळ नळीस धक्का न लावता हवी तितक्यांदा ऐकणे शक्य झाले. ड्वेन टोमा या भाषारक्षकाने ही गीते कान देऊन ऐकली, शब्द लिहून काढले, अर्थ लावला आणि ती आपल्या लोकांना पुन्हा शिकविली. यंत्राने येथे केले ते एवढेच, की शिकविणाऱ्यास सवड मिळवून दिली. शिकविणे माणसाकडेच राहिले.

2018 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही मुद्रणे नव्या रूपात प्रकाशित केली, तेव्हा त्यांसोबत पासामाक्वॉडी समाजाने ठरविलेली तीन लेबले दिली. पहिले सांगते की हे कोणाचे आहे ते योग्य रीतीने नोंदवावे. दुसरे, की हे शिक्षणासाठी आहे. तिसरे, की हे विकावयाचे नाही. या लेबलांना कायद्याचे बंधनकारक बळ नाही. तथापि जेथे पूर्वी केवळ संग्राहकाची टिपणे होती, तेथे आता गाणाऱ्यांच्या वारसांचे शब्द आले. सूचीतील हा बदल लहान दिसला, तरी ग्रंथालयांच्या इतिहासात तो लहान नाही.

अशा व्यवस्थेची कल्पना दुसऱ्या एका खंडातही स्वतंत्रपणे आकारास आली होती. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगू समाजाने, किंबर्ली क्रिस्टेन या अभ्यासिकेच्या साहाय्याने, 2007 मध्ये आपला डिजिटल संग्रह उभा केला. कोणते चित्र स्त्रियांनी पाहावे, कोणते पुरुषांनी, मृतांच्या छायाचित्रांपूर्वी इशारा कसा द्यावा, हे सारे त्या संग्रहाच्या रचनेतच गुंफलेले आहे. त्याचे नाव मुकुर्तू. पवित्र वस्तू जपून ठेवण्याच्या पिशवीस वारुमुंगू भाषेत हा शब्द आहे. मराठी वाचकास आजीबाईच्या बटव्याची आठवण व्हावी. बटवा बंद असतो, पण तो मागणाऱ्यासाठीच असतो. काय द्यावे हे आजी माणूस पाहून ठरविते. पासामाक्वॉडी लोकांचे स्वतःचे संकेतस्थळही पुढे याच मुकुर्तू प्रणालीवर उभे राहिले.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो मराठी परंपरेतून आलेल्या वाचकाच्या मनात सहज उठेल. अधिकारभेदाच्या नावाखाली ज्ञानाची दारे बंद ठेवणे म्हणजे काय, हे या देशाने शतकानुशतके भोगले आहे. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतार्थ लोकभाषेत आणला, याचा गौरव त्या दारांच्या उघडण्यामुळेच आहे. मग आज दार लावून घेण्याचे समर्थन कसे करावे? याचे उत्तर बंदी कोणी कोणावर घातली यात शोधावे लागते. ज्यांची भाषा हिरावून घेतली गेली त्यांनी बलिष्ठांपुढे ठेवलेली अट, आणि बलिष्ठांनी दुर्बलांवर लादलेला प्रतिबंध, यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पण एवढ्याने आक्षेप निःशेष होत नाही. समाजाच्या नावाने बोलणारे वडीलधारे स्वतःच्याच स्त्रियांना वा तरुणांना वगळू शकतात. कोणतीही प्रणाली हा निवाडा करू शकत नाही. फार तर नियम उघड लिहून ठेवू शकते, म्हणजे त्यांवर वाद घालता येतो.

भारतात हा विषय परका नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या निमित्ताने 1913 पासून पुढे अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या बोलीत सांगितली. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात या तबकड्या ऐकता येतात. दूर गेलेल्या मुलाच्या घरी येण्याची ती कथा आता स्वतः परत येण्याजोगी झाली आहे. ज्या वस्त्यांमधून ते आवाज घेतले गेले, तेथील शाळांपर्यंत ते पोचविणे आणि तेथील लोकांना त्यांविषयी काय म्हणावयाचे आहे हे सूचीत नोंदविणे, हे काम विद्यापीठे व साहित्यसंस्था यांना करता येण्यासारखे आहे. पासामाक्वॉडी लोकांना त्यासाठी सव्वाशे वर्षे थांबावे लागले.