कॅनालेटोचा धक्का

* लेखक इथे ज्या चित्रांविषयी बोलतो, ती म्हणजे जोव्हानी अँटोनियो कनाल ऊर्फ कॅनालेटो (१६९७–१७६८) याने शाईत रेखाटलेली व्हेनिसच्या मोलो धक्क्याची दृश्ये. डोजे, म्हणजे गणराज्याचा प्रमुख, याच्या राजवाड्यासमोरचा हा धक्का शहराचा दर्शनी दरवाजाच होता. ग्रॅनाइटच्या दोन उंच खांबांपैकी एकावर पंखांचा सिंह, दुसऱ्यावर संत थिओडोर.

वाचकाने भिंग घेऊन धक्क्यावरची गर्दी जरूर पाहावी. दोन वळणे आणि एक ठिपका, की झाला माणूस! तरीही ओझ्याने वाकलेला कोण आणि गप्पा छाटत उभा कोण, हे नेमके कळते. गोंडोलांच्या मधोमध दिसणारे काळे चौकोन म्हणजे उतारूंसाठी झाकलेली छोटी खोपटी.

हे सारे जागेवर बसून झरझर काढले असावे असे वाटते, पण तसे नाही. इन्फ्रारेड तपासणीत शाईखाली पेन्सिलच्या, पट्टी लावून मारलेल्या रेषा सापडल्या आहेत. शिवाय दृश्य जुळावे म्हणून कॅनालेटो इमारती बिनदिक्कत सरकवी. म्हणून या चित्रांना नकाशा समजू नये. मात्र काही बाबतींत ती मोलाचा पुरावा ठरतात: या चित्रांत दिसणारी, टाकसाळीपलीकडची सरकारी धान्यकोठारे नेपोलियनच्या अमदानीत पाडली गेली, तिथे आता बाग आहे.

व्हेनिसमधला ब्रिटिश वाणिज्यदूत जोसेफ स्मिथ हा कॅनालेटोचा मोठा आश्रयदाता. स्मिथचा संग्रह १७६२ साली ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतला. म्हणूनच कॅनालेटोची १४० हून अधिक रेखाटने आज ब्रिटिश राजसंग्रहात आहेत. — संपादक