हिंगणघाट

महाराष्ट्राच्या वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि वणा नदीकाठची जुनी कापसाची पेठ. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ७५ किमी., वर्ध्याच्या आग्नेयेस सुमारे ३५ किमी. लोकसंख्या सुमारे एक लाख (२०११). दिल्ली–चेन्नई लोहमार्गाच्या वर्धा–बल्लारशाह टप्प्यावरील स्थानक, नागपूर–हैदराबाद महामार्ग (क्र. ४४) येथून जातो. वणा ही वर्धा नदीची उपनदी.

कापूस : भोवतीची जमीन काळी, कसदार. येथला ‘बनी’ हा लांब धाग्याचा देशी कापूस एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाटी’ नावाने मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता. मध्य प्रांताचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६०च्या दशकात त्याकडे विशेष लक्ष दिले. खानदेशातही कलेक्टर ॲशबर्नर यांच्या पुढाकाराने हिंगणघाटी बी पेरले गेले. बनीचा धागा उत्तम, पण सरकीच्या मानाने रुईचा उतारा कमी. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकरी जास्त रुई देणाऱ्या जाड्याभरड्या वाणांकडे वळले आणि बनी मागे पडला. १८८१ मध्ये कापडगिरणी सुरू झाली. रेखचंद मोहोता गिरणी त्यानंतरची.

लॅम्ब्टनची कबर : भूमापनाच्या इतिहासात हिंगणघाटचे स्थान कापसाहूनही मोठे आहे, मात्र स्थलवर्णनांत त्याला क्वचितच जागा मिळते. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी येथे मरण पावला. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असताना. जन्मवर्षाबाबत मतभेद असल्याने मृत्युसमयीचे वय निश्चित सांगता येत नाही. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे त्याने पोलादी साखळीने आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. तिच्या आधारे एकेक त्रिकोण जोडत हे काम दक्षिण भारतभर पसरले. कोन मोजण्याचा त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना तो आदळून बिघडला. लॅम्ब्टनने तो स्वतः खपून दुरुस्त केला. १८१८ मध्ये या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे अधिकृत नाव मिळाले. ७८ अंश पूर्व रेखांशालगतची मोजणी त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेली. पुढे सर्वोच्च शिखराची उंची याच जाळ्यातून ठरली आणि नाव एव्हरेस्टचे लागले. जाळे ज्याने विणायला घेतले, त्याची कबर हिंगणघाटात आहे. शालेय भूगोलात तिचा उल्लेख असायलाच हवा.

परिसर : शहर सपाटीवर आहे; डोंगर आणि झाडी पूर्वेकडे सुरू होतात. पूर्वी हिंगणघाट तहसिलीत आणि आता समुद्रपूर तालुक्यात असलेल्या गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू व मुसलमान दोघेही तेथे जातात. टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्रानुसार ते अग्निजन्य खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे गोळे होत. जिल्ह्याच्या उत्तरेस सेलू तालुक्यात बोर धरणाचा जलाशय व त्याभोवतीचे अभयारण्य आहे. २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले.

देवस्थान : मल्हारी मार्तंड.