पांढरीचे वाचक

महाराष्ट्रातील जुन्या गावांना दोन प्रकारची जमीन ठाऊक असते : काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीवर वस्ती होते. चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण आणि खापरे पिढ्यान्‌पिढ्या साचून पांढरीचे टेकाड तयार होते. पुरातत्त्वज्ञ अशीच टेकाडे शोधत असतो. साहित्याच्या अभ्यासकाने येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. पोथी कितीही वेळा वाचली तरी शिल्लक राहते. टेकाड वाचता वाचता नाहीसे होते. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. मागे उरतात त्या नोंदवह्या, आराखडे, छायाचित्रे आणि कोठारातील पेट्या. म्हणूनच ही सामग्री सर्वांसाठी खुली करणे यात आम्हांला औदार्य दिसत नाही. तो उत्खननाचाच उत्तरार्ध आहे.

हा उत्तरार्ध किती लांबतो याचे उदाहरण राजस्थानातील कालीबंगनचे. तेथील उत्खनन १९६० ते १९६९ या काळात झाले. आद्य हडप्पा काळावरील अहवाल २००३ मध्ये आला, हडप्पा काळावरील २०१५ मध्ये. उत्खननाच्या सूत्रधारांपैकी बा. कृ. थापर १९९५ मध्येच निवर्तले होते. दरम्यानच्या दशकांत विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या त्रोटक वार्षिक वृत्तांतांवर विसंबून शिकल्या असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या या वस्तीतील शंभराहून अधिक घरे उजेडात आली. मृत बालकांना दोन कुंभ तोंडाशी तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरलेले आढळले. शेवटच्या टप्प्यात घरे लहान आणि गोल झाली. हवामान कोरडे होत गेल्याने शेती ढासळली आणि अखेर वस्ती उठली, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. पुढे २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग यांनी दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन बालकांच्या सांगाड्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात इनामगावच्या बालकांचाही नव्याने अभ्यास होता आणि हवामानाच्या मांडणीची फेरतपासणी होती. सांगाडे जपलेले होते आणि कोणते कोणत्या थरातले हे नोंदलेले होते, म्हणूनच हे शक्य झाले. पुरावा हाती नसता, तर पहिल्या निष्कर्षावर श्रद्धा ठेवणे किंवा तो नाकारणे, एवढेच उरले असते.

ही गोष्ट साहित्याच्या वर्गाला अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. संपादकांनी एक पाठ स्वीकारला, पण नाकारलेले पाठ पुसले नाहीत. ते पानाच्या तळाशी दिले. त्यामुळे संपादकाशी मतभेद असणाऱ्या वाचकाला लागणारी सामग्री त्याच पानावर मिळते. उत्खननाचा छापील अहवाल म्हणजे स्वीकृत पाठ होय. नोंदवह्या, मोजमापे आणि आराखडे हे त्याचे पाठभेद. कागदावर ते सारे छापणे परवडत नव्हते. महाजालाने ही अडचण बरीचशी दूर केली आहे.

इंग्लंडमध्ये यॉर्क येथे १९९६ पासून पुरातत्त्वीय सामग्रीचे स्वतंत्र अंकीय भांडार चालू आहे. तुर्कस्तानात चातालह्युयुक येथे इयन हॉडर यांच्या गटाने १९९३ पासून सुमारे पंचवीस वर्षे काम केले आणि उत्खननकांच्या दैनंदिन्यासुद्धा महाजालावर मांडल्या. खणणाऱ्याची शंका आणि बदललेले मत यांनाही तेथे जागा मिळाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे १९५३–५४ पासूनचे वार्षिक वृत्तांतही आज महाजालावर विनामूल्य वाचता येतात. मात्र पानांची छायाचित्रे ठेवणे आणि सामग्री वापरता येईल अशी ठेवणे यांत अंतर आहे. ज्या कोष्टकातील आकडे पुन्हा मांडून पाहता येत नाहीत, ते कोष्टक अर्धेच खुले असते.

सारेच खुले करावे असेही आम्ही म्हणणार नाही. असुरक्षित टेकाडाचा नेमका ठावठिकाणा जाहीर करणे म्हणजे चोराला वाट दाखवणे. मानवी अवशेषांच्या छायाचित्रांबाबतही संयम हवा. पण हे अपवाद आहेत; त्यांच्या आडोशाने चाळीस-चाळीस वर्षांच्या मौनाचे समर्थन होऊ शकत नाही.

उरतो भाषेचा प्रश्न. इनामगावच्या माणसांविषयीचा मूळ अहवाल इंग्रजीत आहे. घोड नदीकाठच्या शाळेतील शिक्षकाला तो मिळाला तरी त्याचा फारसा उपयोग नाही. मराठीत परंपरा नाही असे नव्हे. सांकळिया आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेला ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हा ग्रंथ १९७६ मध्ये निघाला. मराठी विश्वकोश आज महाजालावर खुला आहे, आणि साहित्य संस्कृती मंडळानेही आपली अनेक जुनी प्रकाशने विनामूल्य ठेवली आहेत. परंतु ही सारी निष्कर्षांची मराठी आहे. पुराव्याची मराठी अजून घडायची आहे. एका घराचा आराखडा, त्यात सापडलेल्या वस्तूंची यादी आणि मराठीतले चार प्रश्न एवढे साहित्य खुले झाले, तरी वर्गात खरे वाचन सुरू होईल. हे घर गावप्रमुखाचे होते असे का म्हणायचे? शेजारी धान्याचे कोठार सापडले एवढ्यावरून ते ठरते का? दहावीतल्या मुलीने असा प्रश्न विचारला, तर संपलेले टेकाड पुन्हा एकदा वाचले गेले असे आम्ही समजू.