मिठाईचा रंग आणि वनस्पती तूप

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तर तीरावर कोठी नावाचा जो गजबजलेला भाग आहे, त्याला हे नाव ब्रिटिश रेसिडेंटच्या कोठीवरून मिळाले. जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती भव्य वास्तू उभारली. तिच्या आसऱ्याने वाढलेला बाजार तो रेसिडेन्सी बाजार. 1933 साली तो निजामाच्या अमलाखाली परत गेला व सुलतान बाजार या नावाने ओळखला जाऊ लागला. तोपर्यंत तेथे इंग्रजांचा कायदा चाले आणि बाजाराची हद्द ओलांडली की निजामाचा स्वतंत्र दंडसंग्रह लागू होई. मराठी मंडळींची वस्ती या परिसरात जुनी. 1907 साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही त्यांची शिक्षणसंस्था जवळच जांबागेत आहे. पुढे 1956 साली भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा हैदराबादेपासून वेगळा झाला, परंतु कोठीतली मराठी घरे तेथेच राहिली. सणावाराला त्यांच्या घरी जो पेढा, जी जिलेबी आणि जो बेसनाचा लाडू बाहेरून येई, त्याच्या रंगाची आणि तुपाची कथा ही केवळ एका बाजाराची कथा नव्हे. तरीही ती सांगावयाची तर हैदराबादेतूनच सांगणे सोयीचे, कारण देशाच्या अन्नाची शास्त्रीय चिकित्सा करणारी मोठी प्रयोगशाळा याच शहरात आहे.

खाद्यातील भेसळीचा विचार आपल्याकडे नवा नाही. धान्य, तेलतूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत त्याच रंगाचा हलका पदार्थ मिसळणाऱ्याला बारा पण दंड करावा, अशी तरतूद कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. ‘त्याच रंगाचा’ ही अट ध्यानात घेण्याजोगी आहे. गिऱ्हाईक डोळ्यांनी माल पारखते आणि ठक नेमका त्या डोळ्यांनाच फसवतो, हे त्या काळच्या शासनकर्त्याला चांगले ठाऊक होते.

परंतु कौटिल्याच्या काळी हलवायापाशी रंग होते ते केशराचे, हळदीचे, फार तर एखाद्या फुलाफळाचे. 1856 साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला क्विनीन बनविण्याच्या खटपटीत दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग सापडला, आणि तेथून चित्र पालटले. कापडासाठी निघालेले हे डांबरी रंग स्वस्त होते, चमकदार होते आणि चिमूटभर पुरत. कापडाच्या हौदातून ते मिठाईच्या कढईत येण्यास फार काळ लागला नाही. लोणी व मार्गारिन यांना पिवळेपणा आणण्यासाठी वापरात आलेल्या ‘बटर यलो’ या रंगाने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो, असे जपानी शास्त्रज्ञ किनोशिता यांनी 1930 नंतरच्या दशकात दाखवून दिले, तेव्हा कोठे पाश्चात्त्य देशांना या मौजेची किंमत कळू लागली.

हिंदुस्थानात त्या वेळी कायदा काय होता? 1860 च्या भारतीय दंडसंहितेत 272 व 273 ही दोन कलमे होती. खाद्य ‘अपायकारक’ होईल अशी भेसळ करणे किंवा असा माल विकणे हा गुन्हा. शिक्षा सहा महिने कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. सगळी मेख त्या ‘अपायकारक’ शब्दात होती. अपाय झाला हे सिद्ध करावयाचे सरकारने, आणि रंगाचा अपाय तर आज खाल्ले, उद्या आजारी पडले अशा सरळ रीतीने येत नाही. निरनिराळ्या प्रांतांनी आपापले भेसळविरोधी कायदे केले, मुंबई इलाख्याने 1925 साली केला. पण देशभर एक कायदा नव्हता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने खाद्यपदार्थांतील भेसळ हा विषय समवर्ती सूचीत घातला, म्हणून 1954 साली संसदेला अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा करता आला. तो 1 जून 1955 पासून अमलात आला. ठरलेल्या मानकाला माल उतरला नाही की तो भेसळीचा, विकणाऱ्याचा हेतू काय होता याची पंचाईत नको, अशी या कायद्याची कडक धाटणी होती. कोणते डांबरी रंग चालतील याची यादी नियमांत आली. ती पुढे कमी होत आठ रंगांवर स्थिरावली.

आता तुपाकडे वळू. तुपाची गोष्ट रंगाच्या अगदी उलट दिशेने गेली आणि म्हणूनच ती अधिक उद्बोधक आहे.

पातळ तेलात निकेलच्या भुकटीच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की ते तेल थिजून तुपासारखे घट्ट होते, या कृतीचे पेटंट विल्हेल्म नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञाने 1902 साली घेतले. हिंदुस्थानात असे थिजवलेले तेल प्रथम परदेशातून आले. पुढे 1931 साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, मुंबईत शिवडीस तिचा कारखाना उभा राहिला आणि 1937 साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. डबा स्वस्त, माल रवाळ, दिसावयास तुपासारखा. गृहिणीला त्यात गैर काही वाटण्याचे कारण नव्हते. डब्यावर काय आहे ते ती जाणून घेत होती. गैर होते ते निराळेच. डब्यातला माल डब्याबाहेर पडला की साजूक तुपात बेमालूम मिसळे. गांधीजींनी 1946 साली ‘हरिजन’ पत्रातून वनस्पतीविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर संसदेत त्यावर बंदीची मागणी झाली आणि ती बराच काळ गाजत राहिली.

बंदी नको असेल तर निदान वनस्पतीला रंग द्या, म्हणजे तुपात मिसळताच चोरी उघडी पडेल, अशी सूचना पुढे आली. अशी कल्पना अमेरिकेतही निघाली होती. लोण्याच्या नावाखाली मार्गारिन खपू नये म्हणून न्यू हॅम्पशायर राज्याने 1891 साली ते गुलाबी रंगवण्याची सक्ती केली होती. 1898 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. भारत सरकारने मात्र रंगाचा शोध खरोखरच करवला. रंग हवा कसा? तुपात विरघळणारा, कढईच्या आचेला टिकणारा, निरुपद्रवी, आणि मुख्य म्हणजे कोणाला सहज काढून टाकता येणार नाही असा. रतनजोतीसारख्या वनस्पतिज रंगाचाही विचार झाला. परंतु तेल शुद्ध करण्यासाठी वापरतात ती रंगशोषक माती बहुतेक रंग गिळून टाकते. ज्या देशात मिठाईला न लागावयाचे रंग सर्रास लागत होते, तेथे जेथे रंग हवाच होता तेथे तो मिळेना, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

अखेर तोड निघाली ती घरगुती. वनस्पतीत शेकडा पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलातील एका द्रव्याचा फुरफुरॉल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्याशी संयोग झाला की गुलाबी-किरमिजी रंग येतो. ही बॉदुआँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी. तुपाचा नमुना गुलाबी झाला की त्यात वनस्पती आहे हे ठरले. गंमत अशी की ‘मेटॅनिल यलो’ हा कापडाचा बंदी घातलेला पिवळा रंग, जो हळदीत, तूरडाळीत, बेसनात आणि जिलेबीत सापडत आला, तोही हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने किरमिजी होतो. एकाच आम्लाने दोन लबाड्या एकाच रंगात उघड होतात. मात्र गिऱ्हाईक आम्लाची बाटली घेऊन बाजारात जात नाही.

याच सुमारास हैदराबादला ती प्रयोगशाळा आली. 1918 साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी नीलगिरीत कूनूर येथे बेरीबेरीच्या तपासासाठी जे लहानसे काम सुरू केले, त्यातूनच वाढलेली पोषण संशोधन प्रयोगशाळा 1958 साली हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी स्थलांतरित झाली. त्या वेळी तिचे संचालक डॉ. व्ही. एन. पटवर्धन हे होते. 1969 साली तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था असे झाले.

वनस्पती तुपाचा खरा दोष तोवर कोणाच्या ध्यानात आला नव्हता. भांडण चालले होते ते साजूक आणि बनावट यांचे. तेल अर्धवट थिजवताना त्याच्या काही रेणूंची ठेवण बदलते व ‘ट्रान्स’ स्निग्धाम्ले तयार होतात. ती रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवतात, हे हॉलंडमधील मेन्सिंक व कातान यांनी 1990 साली दाखवले. म्हणजे ज्या मालाला तूप म्हणून विकणे हा गुन्हा होता, तो वनस्पती म्हणून प्रामाणिकपणे विकला तरी हृदयाला अपायकारकच होता. हैदराबादच्या संस्थेत डॉ. गफूरुन्निसा यांनी या स्निग्धाम्लांवर दीर्घकाळ काम केले. डेन्मार्कने 2003 साली शेकडा 2 ची मर्यादा घातली. भारतात ती पायरीपायरीने, 2021 च्या जानेवारीत 3 आणि 2022 च्या जानेवारीत 2 अशी आली. मधल्या वर्षांत खारी, नानकटाई, पफ आणि बालूशाही खाऊन एक पिढी मोठी झाली.

रंगाच्या बाबतीतही प्रश्न ‘बंदी की परवानगी’ एवढा सोपा राहिला नाही. जगातील तज्ज्ञांची संयुक्त समिती 1956 पासून भरू लागली आणि माणसाने रोज किती मिलिग्रॅम खाल्ले तर चालेल, असे शरीराच्या वजनाच्या हिशेबाने आकडे ठरू लागले. हैदराबादच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी शहरातील मुलांच्या रंगीत खाण्याची पाहणी करून 2004 साली ती प्रसिद्ध केली. बहुतेक मुले सुरक्षित मर्यादेत होती. परंतु टार्ट्राझिन, सनसेट यलो आणि एरिथ्रोसिन हे रंग काही मुलांच्या पोटात मर्यादेपेक्षा अधिक जात होते. कारण उघड होते. रंग परवानगीचे, प्रमाण बेपरवानगीचे.

किंबहुना प्रमाण नियमात असले तरी हिशेब विचार करावयास लावतो. बेकरीतील लाल ट्युटी-फ्रुटीत, म्हणजे पाकवलेल्या कच्च्या पपईच्या तुकड्यांत, आणि चेरीत वापरला जाणारा एरिथ्रोसिन हा रंग आयोडीनयुक्त असून त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोस 0.1 मिलिग्रॅम आहे. बारा किलो वजनाच्या मुलाला ती 1.2 मिलिग्रॅम होते. जुन्या नियमांत बहुतेक पदार्थांना रंगाची मर्यादा दर किलोस 100 मिलिग्रॅम अशी असे. त्या प्रमाणात हा रंग घातलेला पदार्थ अवघा 12 ग्रॅम खाल्ला की मुलाचा दिवसाचा कोटा संपला. मोठा माणूस तेवढाच तुकडा खातो तेव्हा त्याला पाचवा हिस्सादेखील लागत नाही. मर्यादा वजनावर असते, आणि रंगीत खाऊ तर हलक्या वजनाच्यांसाठीच केलेला असतो.

1954 चा कायदा जाऊन 2006 चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला, तो 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. दंडसंहितेची ती जुनी दोन कलमे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 274 व 275 या क्रमांकांनी आली. हजार रुपयांचा दंड पाच हजार झाला, ‘अपायकारक’ हा शब्द तसाच राहिला. त्याच वर्षी शेजारच्या कर्नाटकाने साखरेच्या कापसातील व गोबी मंचुरियनमधील ऱ्होडामिन-बी या कापडाच्या रंगाविरुद्ध आदेश काढला. पर्किनच्या शोधाला तेव्हा 168 वर्षे झाली होती.

बंद पाकिटावर आज रंगाचा क्रमांक छापलेला असतो. सुट्या मिठाईच्या परातीपुढे मात्र 1 ऑक्टोबर 2020 पासून, ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे सांगणारी पाटी लावणे सक्तीचे झाले. त्या पाटीवर रंगाचे नाव लिहिण्याची सक्ती त्या आदेशात नव्हती.