परधानांनी चितारलेले भीमायन

नागपुरात नंदनवनाहून पश्चिमेस दीक्षाभूमीकडे निघाले म्हणजे महाल हा शहराचा पुरातन भाग उजव्या हातास राहतो. देवगडच्या बख्त बुलंद शहाने 1702च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून जे नागपूर वसविले, त्या गोंडांच्या मुलखात राजांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा बाणा वाजवून गाण्याची वहिवाट परधानांची होती. यजमानाच्या दानावर जगणाऱ्या या कथेकऱ्यांचा दर्जा मात्र गोंड समाजात यजमानाहून कनिष्ठच मानला जाई. 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच नगरीत लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांची कैफियत अशा परधान कुळातल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या दांपत्याने चित्रांतून मांडली. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांच्या संहितेसह ‘भीमायन’ 2011 साली प्रसिद्ध झाले.

तत्पूर्वी, 1979 साली, ‘अमर चित्र कथा’ मालेत बाबासाहेबांचे चरित्र आले होते. ते नेटके होते, आणि घरोघरी पोहोचले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि आयुष्याचा तो जाळ आखीव चौकटींत जरा थंडावलेला वाटतो. व्यामांनी चौकटीच नाकारल्या. त्यांच्या पानांवर आगगाडी सर्प होते, हातपंपाचा दांडा हत्तीची सोंड बनतो. विषारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यातून निघते आणि सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यातून. मला हे निव्वळ अलंकरण वाटत नाही, कारण ज्याला झाडाझुडपांसह सारी सृष्टी बोलकी असल्याचे बालपणापासून ठाऊक असते, त्याच्या हातून माणसाचा छळही निर्जीव पार्श्वभूमीवर रेखाटला जाणे शक्य नसते.

या चित्रांमागचा मूळ वृत्तांत बाबासाहेबांनी स्वतःच लिहिलेला आहे. 1901 साली त्यांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदावयास घेतला होता, आणि त्या तलावाच्या पैशांचा हिशेब राखणाऱ्या वडिलांकडे सुटीत निघालेल्या बालक भीमाला नि त्याच्या सोबतच्या मुलांना मसूर स्थानकापासूनच्या बैलगाडीच्या प्रवासात रात्रभर घोटभर पाणी मिळू नये, असा तो प्रसंग! गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, तरी विटाळाच्या भयाने तो पायी चालला आणि गाडी मुलांनीच हाकली. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये परका म्हणून राहून 1917 साली बडोद्यास परतलेल्या त्या विद्वानाला पारशी नाव धारण करून धर्मशाळेत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांच्या टोळीने तेथूनही घालवून दिले. परदेशात परकेपणा वाट्यास येणे समजण्यासारखे आहे. परंतु हा प्रवासी परका ठरला तो घरी परतल्यावर.

पाणी, निवारा आणि प्रवास अशा विभागांनी बांधलेल्या या पुस्तकात 1956च्या सोहळ्यास स्वतंत्र विभाग नाही, हे नागपूरकराला थोडे खटकते खरे. मात्र ज्या आठवणींवर ते उभे आहे, त्या 1935-36च्या सुमाराच्या, आणि अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकांना उमजावे म्हणून लिहिलेल्या. दीक्षेला तेव्हा वीस वर्षांचा अवकाश होता.